काचेच्या भिंती आणि बेंचवरचा माणूस

पेशीवेल्हाळ (धागाकर्ती):

नमस्कार. मी गेली काही वर्षे युरोपातील एका संस्थेत पेशीविभाजनावर संशोधन करते. दीड वर्षापूर्वी आमची संस्था जुनी विटांची इमारत सोडून नव्या इमारतीत आली. जुन्या इमारतीत लांब, काळोखा बोळ होता, त्याच्या दोन्ही अंगांना दारे होती, आणि शेजारच्या दारामागे काय चालले आहे हे कळण्यासाठी वार्षिक परिसंवादाची वाट पाहावी लागे. नव्या इमारतीत चार गटांचे बेंच (उभ्याने प्रयोग करण्याची लांब टेबले) एकाच सलग दालनात आहेत, लिहिण्यावाचण्याची टेबले मधल्या उंच चौकाच्या कडेला उघड्यावर मांडली आहेत, आणि बैठकीच्या खोल्या जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या आहेत. यामागचा हेतू आम्हांला पहिल्याच दिवशी सांगण्यात आला होता: माणसे एकमेकांना दिसली की बोलू लागतील, आणि बोलू लागली की एकत्र काम करतील.

असे करणारी आमची संस्था पहिली नाही. लंडनची फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट हे याचे बहुधा सर्वांत गाजलेले उदाहरण. सेंट पँक्रस स्थानकाला लागून असलेली ही इमारत २०१६ साली सुरू झाली. मिल हिलची जुनी सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि कॅन्सर रिसर्च यूकेची लंडनमधील संशोधन संस्था या दोन्ही तिथे एकत्र आल्या. सुमारे १२५० वैज्ञानिकांना एका छताखाली आणताना त्यांचे विभाग मुद्दामच पाडले नाहीत, आणि मधला चौक इतका उंच आणि मोकळा ठेवला की आत शिरणाऱ्याला एखाद्या मोठ्या चर्चची आठवण व्हावी. पुढच्याच वर्षी तिथल्या काही संशोधकांची तक्रार वृत्तपत्रांत आली की लिहिण्याच्या उघड्या जागांमध्ये आवाज इतका असतो की एकाग्र होता येत नाही. ती बातमी मी तेव्हा वाचली होती आणि वैज्ञानिक मंडळी किती कुरकुरतात असे मनाशी म्हटले होते. आता मीही त्याच रांगेत आहे.

माझा अनुभव सरळ तक्रारीचा नाही, म्हणून हा धागा काढते आहे. बेंचवर काम करताना मला ही इमारत आवडते. टेबलावर बसून शोधनिबंध लिहिताना ती मला नकोशी होते. एकाच इमारतीबद्दल एकाच माणसाच्या मनात दिवसातून दोनदा मत बदलत असेल, तर त्याचे कारण इमारतीत शोधावे की माझ्यात? अशा जागांत काम केलेल्यांनी, आणि अशा जागा बांधणाऱ्यांनीही, लिहावे ही विनंती.

चुनाविटा:

पेशीवेल्हाळताई, मी वास्तुविशारद आहे आणि रुग्णालयांच्या व प्रयोगशाळांच्या आराखड्यांवर बरीच वर्षे काम केले आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते तुमच्या प्रश्नातच आहे. आपण ‘खुली’ आणि ‘पारदर्शक’ हे दोन शब्द एका दमात उच्चारतो, पण बांधकामाच्या दृष्टीने ते दोन वेगळे निर्णय आहेत. भिंत काढून टाकली तर नजर आणि आवाज दोन्ही आरपार जातात. भिंत काचेची केली तर नजर जाते आणि आवाज बराचसा थांबतो. बेंचवर तुम्हांला शेजारी दिसायला हवा असतो. टेबलावर तो दिसला तरी चालतो, पण ऐकू आला तर काम थांबते. म्हणजे तुमची तक्रार काचेविरुद्ध नसून, जिथे काच हवी होती तिथे काहीच नाही याविरुद्ध आहे.

काचेविरुद्धच्या तक्रारीचा इतिहास वेगळा आहे, आणि तो आम्हा वास्तुविशारदांना फारसा भूषणावह नाही. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी लुई कान यांनी १९५७ ते १९६० या काळात रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा बांधली. आमच्या पाठ्यपुस्तकांत ती आदराने छापली जाते; न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६१ साली केवळ या एका इमारतीवर प्रदर्शन भरवले होते. विटांचे उंच, पोकळ मनोरे हवा वाहून नेतात, आणि त्यांच्यामध्ये प्रत्येक मजल्यावर सुमारे ४५ फूट लांबी-रुंदीचे, आत एकही खांब नसलेले चौरस दालन आहे, ज्याचे कोपरे काचेचे आहेत. चित्रकार जसा आपल्या स्टुडिओत उजेडात काम करतो तसा वैज्ञानिकानेही करावा, अशी कान यांची कल्पना होती.

वैज्ञानिक आत राहायला आले आणि त्यांनी खिडक्यांना आतून ॲल्युमिनियमचे वर्ख आणि कागद चिकटवले. ऊन थेट बेंचवर येत होते, उपकरणांवरचे आकडे वाचता येत नव्हते, आणि छताखाली उघड्या ठेवलेल्या नळ्यांवर साचलेली धूळ खाली पडण्याची धास्ती होती. स्टुडिओसारख्या मोकळ्या दालनांत त्यांनी आडोसे उभे केले. बाहेर पर्यटक छायाचित्रे काढत होते आणि आत माणसे वर्ख चिकटवत होती, हे चित्र मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. त्यातली गंमत पुढे आहे. त्या इमारतीचे अलीकडे नूतनीकरण झाले, आणि ओल्या रसायनांच्या प्रयोगांऐवजी ती मुख्यतः संगणकावर बसून काम करणाऱ्या मेंदूसंशोधकांकडे गेली.

पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क यांनी ती इमारत पाहिली होती, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, आपल्या संस्थेसाठी त्यांनी कान यांनाच निवडले. कॅलिफोर्नियातील ला हॉया येथे १९६५ साली उभ्या राहिलेल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये दोघांनी मिळून आधीची चूक सुधारली. प्रयोगशाळेची दालने सुमारे ६५ फूट रुंद आणि २४५ फूट लांब, सलग, खांबांवाचून. त्यांच्या वर नळ्या आणि तारांसाठी माणूस उभा राहू शकेल असा वेगळा मजला, म्हणजे धूळ खाली पडण्याचा प्रश्नच नाही आणि दुरुस्तीसाठी संशोधकांना उठवावेही लागत नाही. या मोकळेपणाच्या जोडीला, दालनापासून वेगळ्या मनोऱ्यांत, पूल आणि जिना ओलांडून जावे लागेल अशा बेताने, सागवानी तावदानांच्या ३६ छोट्या अभ्यासिका आहेत, ज्यांच्या खिडक्या तिरप्या करून समुद्राकडे वळवल्या आहेत. बेंच एका ठिकाणी, विचार दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंच्या मध्ये चार पावले उघड्या हवेतली. मला अजूनही याहून शहाणा आराखडा माहीत नाही, जरी हा मोकळ्या जागेचा आणि पैशाचा खेळ आहे हे मान्य करावे लागेल.

उणे_ऐंशी:

चुनाविटा यांचे विवेचन सुंदर आहे, पण त्यात प्रयोगशाळेचा रोजचा कारभार पाहणाऱ्यांचा आवाज नाही, तो मी जोडतो. मी वैज्ञानिक नाही; यंत्रे, रसायने, कचरा आणि सुरक्षितता माझ्याकडे असते.

पहिली गोष्ट अशी की काच ही माझ्यासाठी सौंदर्याची बाब नाही. काही वर्षांपूर्वी, एका वेगळ्या संस्थेत, रात्री नऊच्या सुमारास एका विद्यार्थिनीच्या बेंचवर इथेनॉलने पेट घेतला. पलीकडच्या दालनात काम करणाऱ्या मुलाने तो उजेड काचेतून पाहिला आणि अग्निशामक घेऊन तो अर्ध्या मिनिटात पोहोचला. बंद दाराच्या जुन्या खोलीत ती एकटी असती. तेव्हापासून बंद खोल्यांच्या आठवणी काढून कोणी हळवे झाले की मी गप्प बसतो, पण सहमत होत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. लोकांना वाटते की खुल्या प्रयोगशाळेतला आवाज माणसांच्या बोलण्याचा असतो. तो असतोच, पण त्याखाली एक अखंड गुणगुण असते, जी फ्यूम हूडच्या (घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटांच्या) पंख्यांची, सेंट्रीफ्यूजची (नमुने वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राची) आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरांची असते. हे फ्रीजर आवाजाबरोबर उष्णताही सोडतात. जुन्या इमारतीत ते बोळात उभे असत आणि त्यांच्याबद्दल आम्ही शिव्या खात असू. नव्या आराखड्यांत बोळच नसल्यामुळे फ्रीजर दालनात येतात, आणि काच व उघडे काँक्रीट या दोन्हींवरून आवाज परत फिरतो. आराखड्यात फ्रीजरांची स्वतंत्र खोली दाखवलेली असते, पण खर्च वाढला की सर्वांत आधी तीच छोटी होते.

तिसरी गोष्ट अंधाराची. प्रकाशमान रंगद्रव्यांनी रंगवलेले नमुने उजेडात फिके पडतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला काळोख हवाच असतो. मोठ्या काचेच्या इमारतींतही सर्वांत महागडी उपकरणे बहुधा तळघरात, बिनखिडक्यांच्या खोल्यांत असतात. तिथे कंपनेही कमी असतात. पाहुण्यांना दाखवली जाते ती प्रयोगशाळा पारदर्शक असते, पण निष्कर्ष बऱ्याचदा अंधारातून येतात.

नाडीतारा:

मी निवृत्त आहे आणि जन्मभर फळा आणि कागद यांपलीकडे काही लागले नाही, त्यामुळे फ्रीजरांच्या चर्चेत मला अधिकार नाही. पण पुण्यातल्या एका इमारतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ साली प्रा. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली, आणि तिचे संकुल वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचले. तिथे काचेचा सोस नाही. बाहेरून काळ्या दगडाच्या भिंती दिसतात, आणि आत गेल्यावर मधोमध आकाशाखाली कुंड आहे. न्यूटन, गॅलिलिओ, आइन्स्टाइन आणि आर्यभट यांचे पुतळे तिथे आहेत. माझ्या मते कोरिया यांनी तिथे ओळखलेली गोष्ट अशी, की भेटीगाठींसाठी भिंत पारदर्शक असण्याची गरज नसते. येण्याजाण्याची वाट एकाच मोकळ्या जागेवरून जायला हवी. कुंडाच्या पायऱ्यांवर मी तासन् तास वाद घातले आहेत आणि नंतर दार लावून त्या वादातली माझी चूक शोधली आहे. या दोन्ही क्रियांना वेगवेगळी जागा होती, आणि एकीकडून दुसरीकडे कधी जायचे हे मीच ठरवत होतो.

याच कोरियांनी पुढे एमआयटीच्या मेंदूविज्ञान केंद्राची इमारत केली, जी २००५ साली झाली आणि जिच्या पोटातून मालगाडीचा रूळ जातो, आणि लिस्बनमधील शांपालिमो हे वैद्यकीय संशोधन केंद्र केले, जे २०१० साली टेगस नदीच्या मुखाशी उभे राहिले. प्रयोग करणाऱ्यांसाठी बांधताना त्यांनीही मोकळी दालने आणि काच वापरली. म्हणजे सैद्धांतिक भौतिकी करणाऱ्याची गरज आणि बेंचवर काम करणाऱ्याची गरज एक नाही, हे त्यांनाही दिसत असावे. पेशीवेल्हाळ यांची अडचण अशी की त्या दिवसाच्या पूर्वार्धात प्रयोगकर्त्या असतात आणि उत्तरार्धात माझ्यासारख्या असतात.

तिरका_बाण:

सगळे गृहीत धरून चालले आहेत की मोकळ्या जागेत माणसे जास्त बोलतात. याला पुरावा काय? थॉमस ॲलन यांनी सत्तरच्या दशकात संशोधन संस्थांतील अभियंत्यांचा अभ्यास करून दाखवले होते की दोघांच्या टेबलांमधले अंतर वाढले की त्यांच्यातील संवाद झपाट्याने कमी होतो, आणि सुमारे ५० मीटरपलीकडे तो जवळपास नाहीसा होतो. त्या निष्कर्षातून लोकांनी भिंती पाडायला सुरुवात केली. पण ॲलन यांचा मुद्दा अंतराचा होता. भिंतीचा नव्हता.

उलट इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदक अडकवून मोजणी केली. खुल्या रचनेत गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल व संदेश वाढले. सर्वांसमोर असलेला माणूस हेडफोन लावतो आणि मान खाली घालतो.

उणे_ऐंशी:

तिरका_बाण, तो अभ्यास कार्यालयांचा आहे, आणि कार्यालयात माणूस दिवसभर टेबलाशीच असतो. बेंचवर हात कामात असतात आणि तोंड मोकळे असते. पिपेट करता करता (नळीने थेंब मोजून टाकता टाकता) शेजारच्याशी बोलता येते, तसे हिशेब करता करता येत नाही. त्यामुळे ते ७० टक्के प्रयोगशाळेला जसेच्या तसे लावू नयेत. लिहिण्याच्या टेबलांना मात्र लावावेत, हे मी मान्य करतो.

अंतराविषयी आपण बरोबर आहात. केंब्रिजच्या आण्विक जीवशास्त्र प्रयोगशाळेची १९६२ सालची इमारत काही पारदर्शक नव्हती. ती दाटीवाटीची होती आणि उपकरणे सामाईक होती. तिचे प्रमुख माक्स पेरुत्झ यांनी तिथे उपाहारगृह महत्त्वाचे मानले, आणि त्यांच्या पत्नी गिझेला यांनी ते वीसहून अधिक वर्षे चालवले. त्या प्रयोगशाळेच्या नोबेल पुरस्कारांचे श्रेय चहाला देण्याइतका मी भाबडा नाही, पण सामाईक सेंट्रीफ्यूजपाशी रांगेत उभे राहून झालेले बोलणे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यासाठी काच लागत नाही.

दुसरे_वर्ष:

मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात आहे आणि वरच्या चर्चेत विद्यार्थ्यांची बाजू आलेली नाही. आमच्याकडे गटप्रमुखांच्या खोलीची भिंत काचेची आहे आणि ती बरोबर आमच्या बेंचसमोर आहे. आपण किती वाजता आलो, किती वेळ चहाला गेलो, आणि शनिवारी कोण आले नाही हे न विचारता दिसते. आमचे सर त्यावर कधी बोलत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो, पण ते पाहत आहेत की नाही हे कळत नसल्यामुळे आम्ही सतत पाहिले जात असल्यासारखे वागतो. एखादा प्रयोग उष्मायनासाठी (ठरावीक तापमानाला) दोन तास ठेवला की त्या दोन तासांत नुसते बसून विचार करणे हेही काम आहे. काचेमागून मात्र ते रिकामे बसणे दिसते. म्हणून मी तेव्हा उगाच ट्यूबांवर लेबले लावत बसतो. टिश्यू कल्चरच्या (पेशी वाढवण्याच्या) खोलीला तेवढी लहान खिडकी आहे, त्यामुळे तिथली पाळी सर्वांना हवी असते.

दुसरी बाजूही सांगतो. शेजारच्या गटातील एक बाई प्रथिनांचे स्फटिक ज्या सफाईने उचलतात ते मी तीन आठवडे नुसते काचेतून पाहिले आणि नंतर धीर करून त्यांना विचारले. लेखी कार्यपद्धतीत ती हाताची हालचाल कुठेही लिहिलेली नव्हती. बंद दारामागे ती मला कधीच दिसली नसती. आणि सर आम्हांला दिसतात हेही खरे. अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला त्या दिवशी ते टेबलावर डोके टेकवून बसलेले आम्ही सर्वांनी पाहिले, आणि त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणीही नवी मागणी त्यांच्याकडे नेली नाही.

पेशीवेल्हाळ (धागाकर्ती):

सर्वांचे आभार. दुसरे_वर्ष यांनी जे लिहिले त्यामुळे मी सुरुवातीला टाळलेली एक गोष्ट लिहिण्याचा धीर झाला. आठ महिन्यांपूर्वी मला माझ्या विद्यार्थिनीला सांगावे लागले की तिचे दीड वर्षाचे काम एका दूषित पेशीवाणामुळे (प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या पेशींच्या साठ्यामुळे) वापरता येणार नाही. असे बोलायला आमच्याकडे काचेच्या बैठक-खोल्यांशिवाय जागा नाही. ती रडू लागली तेव्हा चौकाच्या चार मजल्यांवरून ते दिसत होते. लोक सभ्य होते, सर्वांनी माना वळवल्या, आणि त्या एकाच वेळी वळलेल्या माना तिलाही दिसल्या. आम्ही शेवटी फ्रीजरांच्या खोलीत जाऊन उभ्यानेच बोललो, कारण त्या खोलीला पूर्ण दार आहे आणि तिथल्या आवाजात बाहेर काही ऐकू येत नाही.

चुनाविटा यांचे ‘खुली’ आणि ‘पारदर्शक’ हे वर्गीकरण मला पटले, पण या प्रसंगात ते अपुरे पडते. तिथे काच होती, आवाज बाहेर जात नव्हता, तरी ती खोली निकामी होती. नाडीतारा सरांनी जाता जाता लिहिलेले वाक्य मला अधिक जवळचे वाटते, की इकडून तिकडे कधी जायचे हे तेच ठरवत होते. रिचर्ड्स इमारतीतल्या लोकांनी वर्ख चिकटवले ते उन्हासाठी, पण चिकटवण्याची मुभा तरी त्यांनी घेतली. आमच्याकडे काचेवर काहीही लावायला मनाई आहे, कारण इमारतीला पुरस्कार मिळाला आहे.

चुनाविटा:

तो प्रसंग वाचून वाईट वाटले, आणि वर्गीकरण अपुरे पडते हे मान्य करतो. पुरस्काराचे कारण आमच्या व्यवसायाकडून ऐकायला मिळते तेव्हा मला लाज वाटते. २००३ साली स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने क्लार्क सेंटर ही संशोधनाची इमारत बांधली, तेव्हा भिंती काचेच्या केल्या आणि बोळांऐवजी बाहेरच्या गच्च्या दिल्या, पण त्याबरोबर बेंच आणि टेबले चाकांवर ठेवली, म्हणजे वापरणाऱ्याला निदान आपले सामान हलवता तरी येईल. हलवण्याची मुभा हा आराखड्याचाच भाग असतो, आणि छायाचित्रात न दिसणारा भाग असल्यामुळे तोच आधी गळतो.

प्रत्यक्षात करण्यासारखे असे आहे. बैठक-खोल्यांच्या काचेवर, बसलेल्या माणसाचे डोके झाकले जाईल एवढ्या उंचीचा धूसर पट्टा लावावा. वरून उजेड येतो आणि खालून खोलीत कोणी आहे हे पायांवरून कळते, म्हणजे सुरक्षिततेचा हेतूही राहतो. आतून ओढता येणारा पडदा असल्यास आणखी चांगले. टेबलांच्या वरच्या छताला आवाज शोषणारे फलक लावता येतात आणि त्यांनी इमारतीचे रूप बिघडत नाही. आणि कमीत कमी दोन खोल्या पूर्ण भिंतींच्या, दाराच्या मागून घ्या. त्यासाठी मूळ वास्तुविशारदांनाच पत्र लिहा. बहुतेक वेळा त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

पेशीवेल्हाळ (धागाकर्ती):

पाच आठवड्यांनी धागा वर काढते आहे. आम्ही एकवीस जणांच्या सह्यांनी पत्र दिले. धूसर पट्ट्याला परवानगी मिळाली, पडद्याला मिळाली नाही. छताच्या फलकांचा खर्च पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात टाकला आहे. छपाईयंत्रांची एक खोली रिकामी करून तिला भरीव दार बसवले आहे आणि आत दोन खुर्च्या व एक टेबल ठेवले आहे. दाराबाहेर नोंदवही आहे. ती पुढच्या तीन आठवड्यांसाठी भरली आहे, त्यामुळे दुसऱ्या खोलीचा अर्ज मी आज लिहायला घेतला आहे, आणि तो लिहिण्यासाठी घरी आले आहे. चुनाविटा, भरीव दारामागे हवा खेळती राहावी यासाठी दाराखाली किती फट ठेवावी हे कृपया सांगावे, कारण खोलीत अर्ध्या तासानंतर कोंदट होते.